आपले मडके आधी आपणच वाजवावे

बाजारात मडके घेताना गरिबातली गरीब बाईसुद्धा ते बोटाने वाजवून घेते. पण जुलमाविरुद्ध लिहिलेला लेख मात्र आमचे बंधू न वाजविताच छापावयास धाडतात! जात पाहून, कातडीचा रंग पाहून पोलिसांनी माणसास अडवावे व झडती घ्यावी, या अन्यायावर आमच्याकडे येणारे बहुतेक लेख याच मासल्याचे असतात. संताप पुष्कळ, आणि मुद्दा म्हणाल तर एकच: पोलीस दुष्ट, आमची माणसे साधी. हे वाचून आपलेच लोक माना डोलावितात. ज्याचे मत फिरवावयाचे तो मात्र हसतो व विचारतो, "अहो, चोऱ्या तेच लोक अधिक करतात, मग झडती त्यांची घ्यावयाची नाही, तर काय देवळातल्या पुजाऱ्याची?" या एका प्रश्नापुढे आमच्या लेखकांची लेखणी अडते. ज्या लेखात या प्रश्नास उत्तर नाही तो कच्चे मडके होय. पाणी ओतले की विरघळला.

उत्तर आहे, व ते अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोर्टात मिळालेले आहे. तेथील पोलिसांनी जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात ४४ लाख वेळा लोकांस रस्त्यात अडविले. अडविलेल्यांत काळे ५२ टक्के, गोरे अवघे १० टक्के. २०१० साली शहराच्या वस्तीत मात्र काळे सुमारे २३ व गोरे ३३ टक्के. एवढे आकडे हाती आले की आमचा उतावळा लेखक "सिद्ध झाले!" म्हणून टाळी पिटतो. थांबा, बाबांनो! शहराच्या वकिलांनी नेमके येथेच आपले हत्यार उपसले. गुन्हेगारांच्या वर्णनांत काळेच अधिक, म्हणून अडविलेल्यांतही तेच अधिक. यात पक्षपात कसला?

न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ऑगस्ट २०१३ च्या निकालात या हत्याराची धार उतरविली. अडविलेल्या दर शंभरांतील ८८ जणांवर ना अटक, ना समन्स. म्हणजे अडविलेले बहुतेक निर्दोष. मग निर्दोषांस गुन्हेगारांच्या मापाने कसे मोजता? चोरांत अमुक जातीचे किती, हा एक प्रश्न. त्या जातीत चोर किती, हा अगदी दुसरा. खोटे दस्तऐवज करणारे झाडून सारे लिहितेवाचते असतात. म्हणून दर पंतोजीची पिशवी रोज चव्हाट्यावर उलटी करणार काय? आणि गंमत पाहा: अडविलेल्या शंभर गोऱ्यांमागे हत्यार सापडले १.४ जणांजवळ, शंभर काळ्यांमागे १ जणाजवळ. गोऱ्यास अडवावयास काही कारण लागे. काळ्यास कातडी पुरे!

पुढे अडवणूक कमी झाली. २०११ साली ती पावणेसात लाखांवर होती, २०१४ साली पन्नास हजारांच्या आत आली. खून ५१५ वरून ३३३ वर उतरले. येथेही आमच्या लेखकांनी जीभ आवरावी. झडत्या थांबल्या म्हणून खून घटले, असे यातून निघत नाही. झडत्या थांबल्या तर शहर बुडेल ही भीती खोटी ठरली, एवढेच निघते. २०२० साली खून पुन्हा वाढले, तेही लपवू नये. त्या वर्षी ते साऱ्या अमेरिकेत वाढले. आपण लपविलेला आकडा प्रतिपक्ष शोधून काढतो, आणि मग आपले खरेही खोटे पडते.

काळ्यांची कथा आम्हांस कशाला, असे कोणी म्हणेल. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेच्या लोकांस अर्पण केली, ती त्यांनी काळ्यांची गुलामी मोडली म्हणून. आणि आपल्या घरी काय होते? १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ साली मुंबई इलाख्यास लागू झाला व पारधी, कैकाडी यांचे मूल पाळण्यातच चोर ठरले. हजेरी, परवाना, तारेचे कुंपण! सारी झडती एकाच पालावर घ्यावयाची, मग सापडलेला चोर त्याच पालाचा निघतो याचे नवल करावयाचे; हे कसले शहाणपण? कायदा १९५२ साली गेला, संशय गेला नाही. या जमातींच्या लोकांस मनमानी अटक होऊ देऊ नका, असे सर्वोच्च न्यायालयास २०२४ च्या ऑक्टोबरातही पोलिसांना बजवावे लागले.

म्हणून "आमच्यात चोर नाहीतच" हे वाक्य लेखातून आधी खोडा. एक चोर निघाला की सारा लेख कोसळतो. चोर असेल त्यास खुशाल धरा, पण पुराव्याने धरा, असे लिहा. आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज ठाण्यात द्या. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यास तीही नाही. विचारा: गेल्या वर्षी आमच्या वस्तीतून संशयावरून किती जणांस नेले, आणि कितींवर दोषारोपपत्र दाखल झाले? उत्तराची मुदत तीस दिवसांची. आकडे हाती आले की लेख धाडा. आम्ही तो पहिल्या पानावर घेऊ.