गाव संपले, गावकी संपली काय?

पुणे-नाशिक महामार्गावरच्या चाकणला आज कोणी खेडे म्हणणार नाही. खेड तालुक्यातले हे गाव इतिहासात संग्रामदुर्गामुळे ठाऊक. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या फौजेला इथेच झुंजवले. पुढे ते कांदा-बटाट्याची आणि जनावरांच्या बाजाराची पेठ म्हणून नावाजले. मग एमआयडीसी आली. विसावे शतक संपता संपता बजाजचा कारखाना सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, मागोमाग महिंद्र आली. २०११ च्या जनगणनेत वस्ती ४१ हजारांवर गेली. २०१५ मध्ये ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली. भोवतालच्या नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे या वाड्या-गावांत शेत कमी आणि भाड्याच्या खोल्या जास्त, अशी आजची अवस्था आहे.

या बदलावर दोन प्रकारचे लिखाण वाचायला मिळते. एक विकासाचे गोडवे गाणारे. दुसरे, 'आमचे गाव हरवले' म्हणून गळा काढणारे. पूर्वी सगळे एकमेकांना ओळखत, आता शेजारी कोण राहतो ते कळत नाही, बाहेरच्यांनी गाव बिघडवले, असे हे रडगाणे असते. आमचा साधा प्रश्न आहे : हरवले ते कोणाचे गाव? ज्या गावात सगळे एकमेकांना ओळखत होते, त्या गावात आमच्या बापजाद्यांनाही ओळखत होतेच. वेशीबाहेरचा महारवाडा कोणता, कोणी कोणत्या पाणवठ्यावर जायचे नाही, मेलेले ढोर कोणी ओढायचे, हे सगळ्यांना तोंडपाठ होते. ही ओळख पुसली जात असेल तर आम्ही का रडावे?

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या गौरवाचा फुगा फोडला आणि गाव नव्हे तर व्यक्ती हाच राज्यघटनेचा घटक असेल, हे ठणकावून सांगितले. त्याआधी, १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला होता. खेड्याच्या चौकटीत आपला माणूस कधीच माणूस म्हणून जगू शकणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून गाव वाढते आहे, मोडते आहे, परका माणूस त्यात शिरतो आहे, याचे आम्हाला दुःख नाही. आमची चिंता वेगळी आहे. गाव मोडले तरी गावकी मोडली काय?

आधी खोलीचे पाहू. नांदेड, हिंगोली, परभणी, वाशीमकडची आपली मुले आयटीआय करून चाकणला येतात. कंपनीच्या गेटवर त्यांना जात विचारली जात नाही. ठेकेदाराला हात हवे असतात. पण खोली भाड्याने घ्यायला गेली की घरमालक आधी आडनाव विचारतो. आडनावावरून पत्ता लागला नाही तर गाव विचारतो. तरीही कळले नाही तर 'तुम्ही कोणत्या समाजाचे?' असे तोंडावर विचारतो. मग खोली 'कालच दिली' असते. आमच्या ओळखीतली काही मुले खोली मिळेपर्यंत बाबासाहेबांची तसबीर पिशवीतून बाहेर काढत नाहीत. या मुलांना हिणवू नका. डोक्यावर छप्पर नसलेला माणूस काय करणार?

हा अनुभव नवा नाही. १९१७ साली परदेशातून उच्च विद्या घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेबांनाही खोली मिळाली नव्हती. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले, आणि जात कळताच काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. तेही नोकरीसाठी वाढत्या शहरात आलेले नवखेच होते. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही हेच दिसले : दलित किंवा मुस्लिम नाव ऐकले की घरमालकाचे उत्तर बदलते. बडोदा ते चाकण, शंभर वर्षे उलटली; प्रश्न तोच आहे, फक्त त्याला आता अकरा महिन्यांचे अ‍ॅग्रीमेंट आणि डिपॉझिट जोडले गेले आहे.

खोली मिळत नाही, कारण जमीन आपली नाही. एमआयडीसीसाठी १९६१ च्या कायद्याने जमीन घेतली गेली तेव्हा मोबदला सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळाला. त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या शेतमजुराचे नाव सातबाऱ्यावर नव्हते, म्हणून तो हिशेबातच नव्हता. मोबदल्याच्या पैशातून चाळी उभ्या राहिल्या, टँकर आले, जेसीबी आले. कामगार पुरवण्याचा, भंगार उचलण्याचा, कॅन्टीन चालवण्याचा ठेका ज्याच्या हातात जमीन आणि राजकारण होते त्याच्याच घरात गेला. काल जो बांधावर उभा राहून मजुरी ठरवत होता, तोच आज गेटवर उभा राहून हजेरी ठरवतो. पाटीलकीने कपडे बदलले, एवढेच. खाजगी कारखान्यात आरक्षण नाही आणि कायम नोकरी दुर्मिळ. म्हणजे आपल्या मुलाची भाकरी पुन्हा त्याच हाताखाली.

पण आपल्याकडेही एक जमीन होती, ती विसरून चालणार नाही. महार वतन! तुकडाभर जमीन आणि बलुते यांच्या बदल्यात अख्ख्या कुटुंबाला रात्रंदिवस राबवणारी ही गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलन कायद्याने वतने गेली आणि जमिनी नव्या, अविभाज्य शर्तीवर वतनदारांना परत देण्याची तरतूद झाली. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती विकता येऊ नये, अशी अट त्या कायद्याने घातली, ती आपल्याच रक्षणासाठी. माळरान होते तोवर या जमिनीकडे कुत्रेही फिरकत नव्हते. महामार्ग आला, कारखाने आले आणि तीच जमीन सोन्याची झाली. मग कुलमुखत्यारपत्रे निघाली. एका भावाला चार पैसे देऊन दहा वारसांचे अंगठे घेतले गेले. मुंबईला गेलेल्या चुलत्याला पत्ता नाही आणि इकडे त्याच्या वाट्यावर प्लॉट पडले. पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतन जमिनीचा व्यवहार २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये राज्यभर गाजला. तो गाजला कारण त्यात मोठी नावे होती. वाढत्या गावांच्या कडेला जे लहान तुकडे गेले, त्यांची बातमी कोण छापणार?

काही शिकलेले लोक म्हणतात, कारखाने आले, पैसा आला, बाहेरचे लोक आले की जात आपोआप विरघळते. त्यांना आम्ही चाकणहून शिक्रापूरकडे जाणारा रस्ता दाखवू इच्छितो. हा रस्ता ज्या पट्ट्यात उतरतो तिथे सणसवाडी, रांजणगावचे कारखाने आहेत, बंगले आहेत, मोठाली दुकाने आहेत. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला आलेल्या आपल्या बांधवांवर याच पट्ट्यात दगड पडले, गाड्या जळाल्या. चिमणीच्या धुराने जात जळत नाही, हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले.

मग आता वाढत्या गावात आपण कोणत्या बाजूला उभे राहायचे? इथे आम्हाला आपल्याच माणसांशी थोडे कडू बोलायचे आहे. 'बाहेरच्यांना हाकला, स्थानिकांना काम द्या' ही घोषणा गावागावांत दिली जाते आणि आपली स्थानिक मुलेही त्या मोर्चात झेंडा धरतात. राज्य सरकारच्या धोरणात उद्योगांनी ८० टक्के स्थानिकांना घ्यावे असे म्हटले आहे. पण त्या धोरणात स्थानिक म्हणजे गावचा नव्हे; महाराष्ट्रात पंधरा वर्षे वास्तव्य असलेला कोणीही. म्हणजे नांदेडचा मुलगा चाकणला कायद्याने परका नाहीच. त्याला परका ठरवतो तो गावकीचा ठेकेदार, कारण परका ठरलेला माणूस कमी पगारावर गप्प राबतो. गावकीच्या लेखी आपणही कधी 'गावचे' नव्हतो. ज्यांना वेशीबाहेर ठेवले, त्यांनीच आता नव्याने आलेल्याला वेशीबाहेर ठेवायचे, हा कुठला आंबेडकरवाद? बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुरांतही चर्मकार, पासी, मुसहर आहेत. त्यांची भाषा वेगळी असेल. त्यांच्या पाठीवरचा वळ आपल्याच पाठीसारखा आहे.

आणि आकड्यांचे गणितही हेच सांगते. घटनेच्या २४३-टी कलमानुसार नगरपरिषदेत अनुसूचित जातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव होतात. वर्षानुवर्षे प्रशासक बसवून ठेवल्यानंतर राज्यातील नगरपरिषदा-नगरपंचायतींच्या निवडणुका २०२५ च्या डिसेंबरमध्ये झाल्या, त्या २०११ च्या जनगणनेच्या आधारावर. त्यानंतर आलेली आपली हजारो माणसे या हिशेबात नव्हतीच. कित्येकांचे मतदान आजही मूळ गावी. घाम इथे गाळायचा, पाणी इथले प्यायचे आणि मत मात्र दोन-चारशे किलोमीटरवर! अशा माणसाच्या गल्लीत गटार कोण बांधणार?

म्हणून रडत बसण्यापेक्षा किंवा विकासाच्या मिरवणुकीत नाचण्यापेक्षा तीन कामे हाती घ्यावीत, असे आम्ही सुचवतो.

पहिले, जमीन. प्रत्येक वाढत्या गावातील कार्यकर्त्यांनी वतन जमिनींचे जुने सातबारे आणि फेरफार काढावेत, वारसांच्या नोंदी तपासाव्यात. वारस मुंबईत असो वा नागपुरात, त्याला कळवावे. कुलमुखत्यारपत्रावर सही करण्याआधी भावकीला आणि वकिलाला विचारावे. एकेकटा तुकडा विकण्यापेक्षा वारसांनी एकत्र येऊन त्यावर गृहनिर्माण संस्था, वसतिगृह उभारता येते का, ते पाहावे. आपल्या मालकीची चार खोल्यांची चाळ असेल, तर आपल्या मुलाला आडनाव लपवावे लागणार नाही.

दुसरे, नोंद. जो जिथे राहतो त्याने तिथे मतदार व्हावे. २०२७ च्या जनगणनेत जातीचीही नोंद व्हायची आहे. नवबौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातीच्या सवलती आहेत. म्हणून धर्म बौद्ध आणि अनुसूचित जातीच्या रकान्यात यादीतली जात, दोन्ही स्पष्ट लिहावे. जात लिहिण्यावर चळवळीत मतभेद आहेत, ते आम्हाला ठाऊक आहेत. पण रकाना कोरा सोडला तर जात जात नाही, फक्त आपली जागा जाते.

तिसरे, विहार. स्थानिकांचे विहार वेगळे आणि मराठवाडा-विदर्भातून आलेल्यांची जयंती वेगळी, हा प्रकार बंद झाला पाहिजे. विहारात वंदनेबरोबर खोलीचा पत्ता मिळावा, ठेकेदाराने थकवलेल्या पगाराची तक्रार लिहून मिळावी, मतदार नोंदणीचा अर्ज मिळावा. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत आपल्या कंत्राटी मुलाला काय मिळाले आणि काय गेले, हे समजावून सांगणारा माणूस विहारात बसला पाहिजे.

चाकणचे आज जे झाले ते उद्या समृद्धी महामार्गावरच्या आणि प्रत्येक नव्या एमआयडीसीच्या कडेच्या गावाचे होणार आहे. गाव बदलणार आहे, ते कोणाच्या रडण्याने थांबणार नाही. जुन्या गावात आपली जागा दुसऱ्यांनी ठरवली. नव्या गावातही ती दुसऱ्यांनीच ठरवायची काय, एवढाच प्रश्न आहे. नांदेडहून पिशवी घेऊन उतरलेल्या मुलाला पहिली हाक कोणाची जाते, ठेकेदाराची की विहाराची, यावर त्याचे उत्तर ठरेल.