औंढ्याची वेधशाळा आणि विश्वाचा पहिला क्षण

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. अंदाजे खर्च २,६०० कोटी रुपये. यावर दोन सूर कानी पडतात. विश्वजन्माचे रहस्य आता मराठवाड्यात उलगडणार, हा एक. जेथे उन्हाळ्यात पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते तेथे ही चैन कशाला, हा दुसरा. दुसऱ्यामागील कळकळ खरी आहे. परंतु नेमके काय विकत घेतले जात आहे, हे दोघांनाही ठाऊक नाही.

महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षे विश्व इतके तप्त होते की प्रकाशाला त्यातून मोकळी वाटच नव्हती. त्यामुळे कितीही मोठी दुर्बीण बांधली तरी त्या पडद्यापलीकडचे दिसणार नाही. गुरुत्वीय लहरींना मात्र पदार्थ जवळजवळ अडवीतच नाही. पहिल्या क्षणी विश्व प्रचंड वेगाने फुगले असेल, तर त्या वेळी उठलेल्या लहरी आजही आपल्यामधून जात असल्या पाहिजेत. लहरींचे भाकीत आईन्स्टाईनने १९१६ साली केले. पहिली प्रत्यक्ष नोंद अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी केली. ती होती दोन कृष्णविवरांच्या मीलनाची. विश्वजन्माची नव्हे.

औंढ्याच्या चार किलोमीटरच्या भुजाही अशीच मीलने टिपतील. विश्वाबरोबर ताणल्या गेलेल्या त्या आदिलहरी या यंत्राच्या आवाक्याबाहेर इतक्या क्षीण आहेत. हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे, कारण अतिउत्साहाची किंमत विज्ञानाने अलीकडेच मोजली आहे. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ दुर्बिणीच्या गटाने जाहीर केले की, आदिप्रकाशाच्या ध्रुवीकरणात त्या लहरींचा ठसा सापडला. जगभर जयघोष झाला. सहा महिन्यांत प्लँक उपग्रहाच्या निरीक्षणांनी दाखवून दिले की, तसाच ठसा आपल्याच आकाशगंगेतील धूळ उमटवू शकते. मग दोन्ही गटांनी आपापली मापने एकत्र केली आणि जानेवारी २०१५ मध्ये पुरावा उरत नसल्याचे संयुक्तपणे मान्य केले. ज्याचे खंडन झाले तोच खंडनकर्त्यांच्या पंक्तीला बसला! राजकीय पक्षांत, आपल्याही, अशी कबुली किती वेळा पाहिली?

दुसरा मार्ग आपल्या अंगणातून जातो. नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. गोविंद स्वरूप यांनी त्या ताणलेल्या पोलादी दोरांवर जाळी बसवून बेतल्या, म्हणून आपल्याला परवडल्या. तेथे भारतीय व जपानी शास्त्रज्ञ स्पंदक ताऱ्यांचे ठोके वर्षानुवर्षे मोजतात. जून २०२३ मध्ये युरोपीय गटासह त्यांनी आणि त्याच वेळी अन्य देशांतील गटांनी एका संथ गुणगुणीचा पुरावा मांडला. तिची एकेक लहर पुरी होण्यास कित्येक वर्षे लागतात. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या हा तिचा संभाव्य उगम. आदिविश्वाचा वाटाही त्यात असू शकेल, पण तसे आज म्हणता येत नाही.

मग औंढा कशासाठी? जवळचा कोलाहल मोजल्याखेरीज मागचा क्षीण स्वर निवडता येत नाही. धुळीने हेच शिकवले. अमेरिकेपासून दूर असे आणखी एक केंद्र मिळाले, तर लहर आकाशात कोठून आली हे पुष्कळ नेमके सांगता येईल. टँकरचा प्रश्न या खर्चाने निर्माण झालेला नाही. तो पाण्याच्या वाटपाचा आहे आणि तेथेच लढला पाहिजे.

औंढ्यापुढे ठेवायची मागणी वेगळी आहे. खोडदला दरवर्षी विज्ञानदिनी दरवाजे उघडतात, खेड्यापाड्यांतील मुले तबकड्यांखाली उभी राहून प्रश्न विचारतात. औंढ्याला हे बांधकाम चालू असतानाच सुरू व्हावे, मराठीत व्हावे, आणि या यंत्राला काय ऐकू येणार नाही हेही त्या मुलांना सांगितले जावे.