माडीची फळी खचली म्हणून घर पाडायचं?

पावसाळ्यात आमच्या माडीवरची एक फळी कचकन खचली. आई धानाची कोठी बघायला वर गेली होती, पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. थोडक्यात वाचली. दुसऱ्या दिवशी ठेकेदार आला आणि वर न चढताच म्हणाला, "पाडून टाका न जी. स्लॅब टाकू, टेन्शन खतम."

पवनीत सध्या हेच ऐकू येतं. जुनं सागवान घेणारे तर घर उभं असतानाच भाव विचारून जातात.

मी एका म्हाताऱ्या वाढईला बोलावलं. त्याने एकेका मयालीत टोच्या मारून पाहिला. मधलं लाकूड दगडासारखं टणक. सडलं होतं ते फक्त भिंतीत शिरलेलं टोक, तेही एकाच बाजूचं. वरची पन्हाळ फुटलेली, आणि मातीच्या भिंतीला बाहेरून आम्हीच हौसेने सिमेंटचं प्लास्टर मारलेलं. ओल बाहेर निघेना, ती लाकडाने प्यायली. "तुमच्या प्लास्टरनं सडवलं जी त्याले," म्हणाला. मी गप्प.

हिशेबही बघा. दहा बाय बाराच्या खोलीवर पाच इंची स्लॅब म्हणजे जवळपास साडेतीन टन वजन. सागाच्या दांड्या-फळ्यांचं वजन त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. मातीच्या भिंती स्लॅब पेलणार नाहीत, म्हणजे भिंतीही नव्या. फळी बदलायला निघालात की अख्खं घर जातं!

आम्ही सडकी टोकं कापली, भिंतीलगत खांब देऊन मयाली त्यावर टेकवल्या, फळ्या बदलल्या, प्लास्टर खरवडलं.

सगळीच घरं वाचवा असं मी म्हणत नाही. भिंत फुगली असेल, उधई मयालीच्या पोटात गेली असेल तर पाडाच, लेकराबाळांचा प्रश्न आहे. पण शहरी घरकुलाचे अडीच लाख नव्या बांधकामाला मिळतात, जुन्या माडीच्या दुरुस्तीला नाही. धोकादायक घराची नोटीस देताना लाकूड ठोकून बघणारा माणूसही सोबत पाठवावा, एवढी तरी मागणी आपण नगरपरिषदेकडे करू शकतो की नाही? जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात स्तूप निघाला, ते आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. गल्लीतली माडी मात्र भंगाराच्या भावात.

वाढई सत्तरीपार आहे, मुलगा नागपूरला ऑटो चालवतो. कुणाला माडी दाखवायची असेल तर या उन्हाळ्यातच बोलवा. पुढच्या वर्षी तो शिडी चढेल की नाही, त्यालाच खात्री नाही.