पेटीतील दागिने

डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतचे कथलाचे गोट टाकून देण्यास सांगितले. त्यांवरून जात ओळखली जाई. आपल्या आज्या-पणज्यांनी ते टाकले. याच आधारे काही पालक म्हणतात, वसतिगृहातील मुलींच्या पेटीत कानातले, बांगड्या नकोतच. मला हे पटत नाही. टाकायची होती ती लादलेली खूण, हौस नव्हे. पंचशीलातही अलंकारांना मनाई नाही. ती उपोसथाच्या अष्टशीलात आहे.

मात्र गणवेश, वह्या, चादर, सारे एकाच पत्र्याच्या पेटीत मावायचे, तर शिस्त हवीच. झाकणाला आतून कापडी खिसे लावावेत. घोटावड्याच्या दमट पावसाळ्यात खोटे दागिने लवकर काळवंडतात. ते कोरड्या डबीतच ठेवावेत. जोडी हरवलेले कानातले घरी पाठवावे. दुसरे बहुधा तिथेच असते.