वारशाने आलेली रायफल

नगरच्या रणगाडा संग्रहालयातली जर्मन चिलखती गाडी लोक १९९४ पासून कौतुकाने पाहतात. तिची निगा लष्कर राखतं. पण घरात आजोबांच्या परवान्यावरची वॉल्थर या जर्मन कंपनीची जुनी पॉइंट टू टू सेमी-ऑटोमॅटिक रायफल असेल, तर ती जपण्याची जबाबदारी आपली. हिच्या बोल्टला सेमी-ऑटोमॅटिक वापरात कुलूप नसतं. बोल्टचं वजन आणि स्प्रिंग यांवरच बार उडाल्याचा धक्का पेलला जातो. त्यामुळे दर बाराला जळक्या दारूची आणि शिशाची काजळी मागे यंत्रात येते, मग काडतूस अडकायला लागतं. रायफल रिकामी असल्याची खात्री करावी आणि नळी शक्यतो मागच्या बाजूने पुसावी, म्हणजे तोंडाची कड झिजत नाही. रिकाम्या रायफलचा चाप उगाच ओढू नये. फायरिंग पिन नळीच्या मागच्या कडेवर आपटते. पावसाळ्यात ती चामडी खोळीत ठेवली की गंज चढलाच म्हणून समजा. कागदपत्रंही तेवढीच जपायला हवीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, आणि मूळ मालक गेल्यावर वारसाला स्वतःचा परवाना काढावाच लागतो. आजोबांची आठवण म्हणून रायफल ठेवायची, तर तेलपाणी आणि कायदा दोन्ही वेळच्या वेळी सांभाळा.