बिघाड यंत्रातला की मालकीतला?

चाळीस वर्षांपूर्वीचे व्हिडिओ गेमचे यंत्र बटण दाबूनही सुरू होत नाही, एवढ्याशा गोष्टीसाठी समाजवादी साप्ताहिकाने रकाना खर्च करावा काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. खेळणे बिघडले तर बिघडू द्यावे, चळवळीला त्याचे काय, ही भावना समजण्याजोगी आहे. पण ती चुकीची आहे. खेळणे लहान असले तरी त्याला घातलेले कुलूप लहान नाही. तेच कुलूप आज शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला घातले जाते, आणि म्हणूनच २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या व्यापार आयोगाला तेथील सर्वांत मोठ्या ट्रॅक्टर कंपनीवर दुरुस्तीच्या मक्तेदारीबद्दल दावा लावावा लागला. मोठ्या यंत्रात जे झाकलेले असते, ते लहान यंत्र उघडले की स्पष्ट दिसते.

उदाहरण निन्टेंडो या जपानी कंपनीचे घ्यावे. १९८३ साली जपानात ‘फॅमिकॉम’ आणि १९८५ साली अमेरिकेत ‘एनईएस’ या नावाने तिने एकाच वंशाचे यंत्र विकले. दोहोंचे पोट एकच, पाच व्होल्टवर चालणारे. पण फॅमिकॉमला दहा व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो, तोही मधल्या टोकाला ऋण असलेला. एनईएसला मात्र नऊ व्होल्टचा उलटसुलट प्रवाह देणारा अॅडॉप्टर दिलेला. एकाचा अॅडॉप्टर दुसऱ्याला लावल्यास फॅमिकॉमला इजा होण्याचा धोका असतो. शिवाय अमेरिकेतून आलेल्या नातेवाइकाने आणलेला अॅडॉप्टर १२० व्होल्टचा. तो पुण्यामुंबईच्या २३० व्होल्टच्या प्लगात खोचला की त्यातील ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि घरातली मंडळी ‘यंत्र गेले’ म्हणून मोकळी होतात. यंत्र बहुधा शाबूत असते. गेलेला असतो तो अॅडॉप्टर.

तोही ठीक असेल, तर शोध पुढे न्यावा लागतो. एनईएसच्या आत प्रथम प्रवाह एकदिश करणारा रेक्टिफायर असतो, मग लाटा सपाट करणारा २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि मग तीन पायांचा ७८०५ हा रेग्युलेटर. मीटरची काळी तार मधल्या पायावर धरायची. पहिल्या पायावर आठ-नऊ किंवा अधिक व्होल्ट येतात आणि तिसऱ्यावर काहीच येत नाही, तर बहुधा रेग्युलेटर मेलेला असतो, किंवा त्याच्या पुढे कोठे तरी शॉर्ट झालेले असते. पहिल्याच पायावर काही नसेल तर मागे जायचे: सॉकेट, बटण, रेक्टिफायर. तिसऱ्या पायावर पाच व्होल्ट स्थिर असतील तर विजेचा मामला संपला, दोष इतरत्र आहे. रेग्युलेटर बाजारात दहा-वीस रुपयांना मिळतो. कोणत्याही रेडिओ दुरुस्ती करणाऱ्याला हे काम अर्ध्या तासाचे आहे. हे ज्ञान गूढ नाही, दैवी तर नाहीच. ते केवळ सांगितले जात नाही.

इथपर्यंतचा बिघाड निसर्गाचा आहे, असे म्हणता येईल. कपॅसिटरमधील द्रव सुकतो, तांबे गंजते, वस्तू म्हातारी होते. पुढचा बिघाड मात्र माणसाने योजलेला आहे. एनईएसचे बटण दाबले की तांबडा दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. पडदाही त्याबरोबर उघडमीट करतो. लोकांना वाटते, वीज अपुरी पडते आहे. वस्तुतः वीज पुरेशी असते. यंत्रात एक पहारेकरी चिप बसवलेली आहे, तिची जोडीदार चिप कॅसेटमध्ये असते. दोघींचा सांकेतिक संवाद जुळला नाही की पहारेकरी दर सेकंदाला यंत्राला नव्याने सुरुवात करावयास लावते. कॅसेट अस्सल असूनही कनेक्टरच्या ७२ पट्ट्या झिजल्या किंवा गंजल्या की हेच होते. (मुले कॅसेटमध्ये फुंकर मारीत, श्वासातील ओलाव्याने पट्ट्या अधिकच गंजत, ही आणखी एक गंमत.) विशेष म्हणजे जपानच्या फॅमिकॉममध्ये हा पहारेकरी नव्हताच. यंत्र चालण्यासाठी त्याची गरज नव्हती. गरज होती ती परवानाधारक गेम-निर्मात्यांना मुठीत ठेवण्याची: कॅसेट निन्टेंडोकडूनच बनवून घ्यायची, आणि वर्षाला पाचच गेम काढायचे. १९९३ साली त्याच कंपनीने एनईएसची स्वस्त आवृत्ती काढली, तेव्हा पहारेकऱ्याला मुकाट्याने निरोप दिला. यंत्र पूर्ववत चालले! मग आधीची आठ वर्षे ग्राहकाच्या घरात लुकलुकत होते ते काय होते?

न्यायाने सांगायचे तर या कंपनीने जपानात फॅमिकॉमची दुरुस्ती २००७ च्या ऑक्टोबरपर्यंत चालू ठेवली आणि सुटे भाग उरले नाहीत म्हणून थांबवली. चोवीस वर्षे ही काही थोडी नव्हेत. परंतु कंपनीची शक्ती संपली, तेथे ग्राहकाचा हक्क सुरू व्हायला हवा होता. तसे झाले नाही. नकाशे खुले झाले नाहीत. सुपर एनईएसमध्ये फ्यूज आहे, पण तो बोर्डावर सोल्डर केलेला. आणि बाहेरचे स्क्रू असे की त्यांना बाजारातला साधा स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. ज्या फ्यूजला सामान्य माणसाचा हात पोहोचू नये अशी तजवीज केली, तो फ्यूज कोणाचे रक्षण करतो? २०१६ साली मग त्याच जुन्या यंत्राचे चिमुकले रूप, आत तीस गेम भरून, नव्याने विकावयास काढले गेले. त्यात कॅसेटची खाच नाही. ज्याच्या माळ्यावर जुन्या कॅसेटी पडून आहेत, त्याने त्यांच्याकडे नुसते पाहावे.

कायद्याचा कल कोणीकडे आहे, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने असे डिजिटल कुलूप उघडणेच गुन्हा ठरवले. २०२१ साली गेम-यंत्रांना सवलत मिळाली ती केवळ तबकडी वाचणारा भाग दुरुस्त करण्यापुरती. २०२३ साली कॅलिफोर्निया आणि मिनेसोटा या राज्यांनी दुरुस्तीचे कायदे केले. फोन आले, घरगुती यंत्रे आली. व्हिडिओ गेमची यंत्रे मात्र दोन्ही कायद्यांतून नाव घेऊन वगळली गेली. कारण काय, तर चोरीच्या गेमांना वाट मिळेल. घराचे कुलूप दुरुस्त करणारा उद्या चोरी करील, म्हणून कुलपे दुरुस्तच करू नयेत, असा हा न्याय आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो पूर्णपणे खोटा नाही. ज्या यंत्रांच्या पोटातच वीजपुरवठ्याचा भाग असतो, त्यांत २३० व्होल्टचे रूपांतर सव्वातीनशे व्होल्टच्या एकदिश प्रवाहात होते आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ते साठून राहू शकते. तेथे अजाण हाताने जाऊ नये. एनईएसमध्ये मात्र बाहेरूनच नऊ व्होल्ट येतात. हा धोका तेथे नाही. आणि जेथे तो आहे, तेथे धोक्याची जागा दाखवणारा नकाशा दडवून ठेवल्याने कारागीर सुरक्षित होतो काय? २००१ च्या एक्सबॉक्समध्ये घड्याळासाठी बसवलेला कपॅसिटर कालांतराने गळतो आणि खालच्या बारीक तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. मग एके दिवशी यंत्र सुरूच होत नाही. तो वेळीच काढून टाकावा, हे शहाणपण जगभरच्या हौशी कारागिरांनी स्वतःच्या वेळाने आणि पैशाने मिळवले व फुकट वाटले. बक्षीस म्हणून त्यांना मिळाली ती ‘उघडल्यास वॉरंटी रद्द’ अशी चिकटपट्टी. २०१८ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ज्या सहा कंपन्यांना अशा अटींबद्दल ताकीद दिली, त्यांत सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो तिघीही होत्या.

शासनाने मनात आणले तर काय होते, याचेही उदाहरण आहे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून हातात धरायच्या गेम-यंत्रांसह अनेक उपकरणांना एकच चार्जिंग सॉकेट सक्तीचे केले. चाळीस वर्षे जो गोंधळ तांत्रिक अपरिहार्यता म्हणून खपवला गेला, तो एका कायद्याने आवरला.

आपल्याकडे १९९० च्या दशकात फॅमिकॉमच्या नकलांनी घरे भरली होती. त्या बंद पडल्या की लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जात, आणि तेथील कारागीर नकाशाशिवाय, केवळ मीटर आणि अनुभव यांच्या बळावर त्या उठवीत. केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरमध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे संकेतस्थळ उघडले. त्यावर कंपन्यांनी आपल्या दुरुस्तीची माहिती द्यावी, अशी अपेक्षा आहे. अपेक्षा म्हणजे कायदा नव्हे. विक्री थांबताच यंत्राचा विद्युत नकाशा आणि सुट्या भागांची यादी सार्वजनिक करण्याचे बंधन घालणारे कलम, आणि ते मोडणाऱ्यास दंड, ही मागणी ग्राहक चळवळीने आणि विजेच्या कामगारांच्या संघटनांनी एकत्र येऊन संसदेपुढे नेली पाहिजे; आणि त्या कलमात गेम-यंत्रांना वगळणारे कॅलिफोर्नियातले उपवाक्य गुपचूप घुसणार नाही, यावर मसुद्याच्या दिवसापासूनच नजर ठेवावी लागेल.