मोडीच्या भावाने जाणारा ठेवा

भोरहून कापूरहोळकडे जाणाऱ्या रस्त्यावर एखाद्या सकाळी जुन्या सागवानाने भरलेला टेंपो पुण्याच्या दिशेने निघालेला दिसतो. कोरीव खांब, गणेशपट्टीसह उतरविलेली दाराची चौकट, वर उलटा ठेवलेला झोपाळा आणि कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळलेली घंगाळे व समया. पाहणाऱ्याला वाटावे, कोणी बिऱ्हाड हलवीत आहे. बिऱ्हाड तर पूर्वीच हललेले असते. आता जात असतो तो वाडा.

या दृश्यावर हळहळणे सोपे आहे आणि शहरात बसून हळहळणे तर त्याहून सोपे. पण ज्याच्या डोक्यावरचे छप्पर गळत आहे, त्याला वारशाचे प्रवचन देण्याचा अधिकार आपल्याला नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. हा व्यवहार कोणत्या भावाने झाला, तो भाव कोणी ठरविला, आणि ठरविताना दोन्ही पक्षांना सारखेच ठाऊक होते काय?

हा माल येथे आला कसा, हे प्रथम पाहिले पाहिजे. भोर ही पंतसचिवांची राजधानी. शंकराजी नारायणांच्या वंशाकडे असलेले हे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. तोवर दरबाराच्या आधाराने कारकून, वकील, सावकार, व्यापारी आणि कारागीर या गावात नांदत होते. त्यांचे चौसोपी वाडे, त्यांतील फडताळे, पेटारे, देव्हारे, हंड्या-झुंबरे ही त्या स्थिर उत्पन्नाची खूण होती. संस्थान गेले, पाठोपाठ कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून जमिनीच्या खंडावर जगणाऱ्या घरांचा तो आधारही सुटला. कायदा न्यायाचाच होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण त्याचा एक परिणाम असा की, वाड्याला पोसणारे उत्पन्न थांबले आणि वाड्याची दुरुस्ती मात्र चालूच राहिली. मुले पुण्या-मुंबईला नोकरीस गेली. मागे वृद्ध आईवडील, बंद खोल्या आणि वाळवी एवढेच उरले.

वेल्ह्याची कहाणी वेगळी. राजगड-तोरण्याच्या या तालुक्यात, ज्याला राजगडाचे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला, झुंबरे कधीच नव्हती. येथील शेतकऱ्याच्या घरात जाते, उखळ, कणगी, तांब्याचा हंडा, पितळी समई आणि देवघरात कुलदैवतांचे टाक, एवढाच संसार. त्यालाही पाण्याने हात घातला. भोर तालुक्यात भाटघरचे धरण ब्रिटिश अमदानीतच झाले होते. पुढे वेल्ह्यात पानशेत, वरसगाव, गुंजवणी आणि भोरमध्ये नीरा-देवघर अशी धरणे झाली. गाव उठते तेव्हा माणूस गाडीत मावेल तेवढेच नेतो. उरलेले मिळेल त्या भावाने देतो. त्यातच घरोघर स्टेनलेस स्टील आले. घासूनही काळी पडणारी तांब्या-पितळेची भांडी माळ्यावर गेली आणि माळ्यावरून मोडीत.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजीची हकीकत सांगतो. वेल्ह्याच्या एका खोऱ्यातील त्यांच्या घरी फेरीवाला आला. त्याने दोन लामणदिवे काट्यावर तोलले, मोडीचा भाव सांगितला आणि अठराशे रुपये हातावर ठेवले. कोपऱ्यात पितळी पट्ट्यांचा, लोखंडी कड्यांचा एक सागवानी पेटारा होता. तो कीड लागलेला असल्यामुळे फुकटच घेऊन जातो, असे तो म्हणाला. आजींनी होकार दिला. काही महिन्यांनी पुण्यातील एका सजावटीच्या दुकानात मी तसाच पेटारा पाहिला. तोच होता असा माझा दावा नाही, तसाच होता. त्यावरील चिठ्ठीवर सव्वीस हजार रुपये लिहिले होते. पुढच्या खेपेस मी हे आजींना सांगितले, तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “सर, मला वाटलं अडगळ गेली. म्या तर त्याला च्या पाजला.”

या एका वाक्यात आमच्या शास्त्रातील एक मोठा सिद्धांत उलटा होऊन उभा आहे. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. मोटारीचे दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. या विषम माहितीमुळे बाजारच कसा बिघडतो, हे त्याने दाखविले. २००१ साली नोबेल पारितोषिकाचा तो एक मानकरी ठरला. आपल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात पहिल्या टोकाला याच्या नेमके उलट घडते. येथे विकणारा अजाण आणि घेणारा जाणता. हीच वस्तू शहरात पोहोचली की अकरलॉफचा नियम सुलटा लागू होतो. नवे पितळ काळवंडवून ‘पुरातन’ म्हणून विकले जाते, खोट्या शिवरायांना खऱ्यांचा भाव येतो आणि शहरातील हौशी ग्राहक तितकाच फसतो. सारांश, गावात विकणाऱ्याला कळत नाही, शहरात घेणाऱ्याला कळत नाही. कळते ते फक्त मधल्याला. दोन अज्ञानांच्या मधोमध जी जागा सापडते, तिचे भाडे तो वसूल करतो.

या मधल्या माणसाला खलनायक ठरविण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. दहा गावे हिंडल्यावर त्याला एखादी वस्तू मिळते. वाहतूक, दुरुस्ती, पॉलिश, गोदामाचे भाडे हा खर्च त्याचाच. माल वर्ष-दोन वर्षे पडून राहिला तर अडकलेल्या पैशाचे व्याजही त्याचेच. पुण्याच्या जुन्या बाजारात पथारी टाकणाऱ्या अनेकांचे पोट याच धंद्यावर आहे. तो नसता तर कित्येक समया भट्टीत वितळल्या असत्या आणि कित्येक खांब चुलीत गेले असते. म्हणून त्याचा नफा हा गुन्हा नव्हे. मात्र त्या नफ्यातील जो भाग श्रमाचा नाही, जोखमीचा नाही, केवळ समोरच्याच्या अजाणतेपणाचा आहे, त्याला व्यापार म्हणावयास जीभ कचरते.

याच तालुक्यांतील शेतकऱ्याला हे निराळ्या भाषेत कधीच समजलेले आहे. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी तांदळाचा भाव खळ्यावर दारात आलेल्या एकाच व्यापाऱ्याने ठरवू नये, चार खरीददारांसमोर उघडपणे ठरावा, यासाठीच तर बाजार समित्या अस्तित्वात आल्या. १९६३ साली त्यांचा कायदा झाला. त्या समित्यांचे पुढे काय झाले, हा वेगळा विषय. पण एकट्याने दारात विकणारा नागवला जातो, हे तत्त्व आपण भातापुरते मान्य केले आणि पेटाऱ्यापुरते विसरलो. भाताचे पीक दर वर्षी येते. एका वर्षीची चूक पुढच्या वर्षी सुधारता येते. पणजोबांचा पेटारा एकदाच विकला जातो. शहाणपण येते तेव्हा विकण्यास काही शिल्लक नसते.

दुसरा मुद्दा जरा सूक्ष्म आहे. खांबाची किंमत दोन प्रकारची असते. सुट्या खांबाला बाजारात जो भाव येतो तो एक; आणि चौकातील इतर खांबांसह, तुळयांसह, ओसरीसह उभा असताना त्याने दिलेले मूल्य दुसरे. पहिले मूल्य मालकाच्या खिशात पडते, दुसरे सगळ्या गावाचे असते. म्हणून दुसऱ्याची काळजी कोणीच घेत नाही. उभ्या वास्तूलाही उत्पन्न असू शकते, याचे उदाहरण भोरमध्येच आहे. तेथील राजवाड्यात अनेक मराठी-हिंदी चित्रपटांचे चित्रीकरण झाले. आता तोच राजवाडा सुटा करून विकला असता तर? लाकडाचे पैसे एकदा आले असते आणि कॅमेरे दुसऱ्या गावी गेले असते. प्रत्येक वाड्याच्या नशिबी चित्रपट नसतो, हे खरे. तरीही तोडण्यापूर्वी हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्यास हरकत नसावी.

कायदा काय म्हणतो? पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ सालचा. तो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. किमान शंभर वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू, तसेच इमारतीतून सुटी केलेली तितकीच जुनी वस्तू त्याच्या व्याख्येत येते. ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांना आणि दस्तऐवजांना पंच्याहत्तर वर्षे पुरतात. अशा वस्तूंच्या विक्रीचा धंदा परवान्याविना करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठविता येत नाहीत. वाड्याचा पाया खणताना दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडले तर कलेक्टरला कळवावे, असे सांगणारा कायदा तर १८७८ पासून आहे. पण या कायद्यांचा रोख वस्तूच्या रक्षणावर व निर्यातीच्या बंदीवर आहे. विकणाऱ्या म्हातारीला वाजवी भाव मिळावा, हा त्यांचा विषयच नाही. तो विषय आपला आहे.

वस्तूंनी मूळ जागा सोडूच नये, असा माझा आग्रह नाही. वस्तू प्रवास करतातच. नसरापूरजवळ बनेश्वराच्या देवळात जी घंटा आहे, ती १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा मानली जाते. तिच्यावर क्रॉस आहे. ती आपली ओळख अंगावर घेऊन आली. पेटाऱ्याच्या अंगावर काहीच लिहिलेले नसते. तो कोणत्या घरचा, कोणी घडविला, कोणाच्या लग्नात आला, हे सांगणारे माणूस मागे राहते आणि दुकानात उरते ते फक्त लाकूड. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे मोल येथे ध्यानात येते. चष्म्याचे दुकान चालविणाऱ्या दिनकर केळकरांनी (१८९६-१९९०) गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दरवाजे, भांडी जमविली आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने तो संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाला दिला. तेही विकतच घेत होते. पण त्यांनी घेतलेली वस्तू आज कोणीही विद्यार्थी तिकीट काढून पाहू शकतो. म्हणजे दोष खरेदी-विक्रीचा नाही. दोष आहे तो नोंद नसण्याचा आणि भाव लपविण्याचा.

सर्वांत अधिक हानी होते ती कागदांची. पेटाऱ्याच्या तळाशी बहुधा एखादा रुमाल निघतो, त्यात मोडीतील पत्रे, खाते-वह्या, करारनामे. आपल्याकडे मोडी वाचणारे थोडे उरले, म्हणून ते कागद रद्दीच्या काट्यावर जातात. मोडी लिपी मोडीत निघावी, याहून खिन्न करणारा शब्दयोग कोणता? झुंबराची जागा दुसरे झुंबर घेऊ शकेल. एका खोऱ्यातील दुष्काळात धान्य कोणत्या भावाने विकले गेले, हे सांगणाऱ्या वहीची जागा दुसरे काहीही घेऊ शकत नाही.

मग करावयाचे काय? सरकारकडे बोट दाखवून थांबणे आपल्या अंगवळणी पडले आहे. मी चार साध्या गोष्टी सुचवितो, आणि त्या शिक्षक, कारकून व विद्यार्थी या वर्गालाच करता येण्यासारख्या आहेत. पहिली : दारात आलेल्या पहिल्या भावाला त्याच दिवशी होकार देऊ नये. आठ दिवस थांबावे, आणखी दोघांना विचारावे, पैशांची पावती घ्यावी. दुसरी : वस्तू विकण्यापूर्वी तिचे छायाचित्र, माप आणि तिच्याविषयी घरात सांगितली जाणारी माहिती एका वहीत उतरवावी. महाविद्यालयातील मुलांनी सुटीत हे काम करावे. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहेच. अशी यादी चोरांनाही उपयोगी पडेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून वही घरमालकाकडेच राहावी आणि प्रत एखाद्या विश्वासू संस्थेत बंद असावी. तिसरी : तालुक्याच्या गावी वर्षातून एकदा परवानाधारक व्यापाऱ्यांना बोलावून उघडा लिलाव व्हावा. ज्याला विकावयाचे आहे त्याने चार जणांसमोर विकावे. चौथी : मोडी कागद वजनावर कधीही देऊ नयेत. १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यात आहे. निदान त्यांना एकदा विचारावे.

यांतील एकाही गोष्टीला अनुदान लागत नाही. लागते ती थोडी सवड आणि शेजारच्या घराविषयी थोडी आस्था. या उपायांनी वाडे वाचतीलच, असे आश्वासन मी देऊ शकत नाही; काही पडणारच आहेत आणि काही पडले तरच त्यांच्या मालकांना पक्के घर मिळणार आहे. पण वाडा पडला तरी त्याची हकीकत पडू नये, आणि त्याचे जे दाम येईल ते त्याच्या धन्याला पुरे मिळावे, एवढे आपल्या हाती निश्चित आहे.

त्या आजींच्या देवघरात अजून एक लहान समई आणि पाच टाक आहेत. यंदाच्या दिवाळीत नातवाने त्यांची छायाचित्रे काढून वहीत नोंद केली. फेरीवाला पुन्हा आला तर त्याला चहा मिळेल. भाव मात्र आता आजी सांगतील.